दातांना तार लावायच्या आधी: ऑर्थोडॉन्टिस्ट नक्की काय करतात, कधी जायचं आणि काय विचारायचं

माझी मुलगी आठ वर्षांची असताना आमच्या नेहमीच्या डेंटिस्टनी सांगितलं की हिला एकदा ऑर्थोडॉन्टिस्टला दाखवून या, आणि मला खरंच कळेना की कशासाठी, कारण तिचे पुढचे दात छान एका रांगेत होते, फोटोत हसली तरी काही म्हणजे काही खटकत नव्हतं. ऑर्थोडॉन्टिस्ट मॅडमनी तिच्या हातात आरसा दिला आणि म्हणाल्या, तोंड उघड, आता हळूहळू मीट, दाताला पहिला दात लागला की थांब. ती थांबली. मग म्हणाल्या, आता पूर्ण चाव बघू. आणि माझ्या डोळ्यासमोर तिची हनुवटी डावीकडे सरकली, जेमतेम दोन-तीन मिलिमीटर असेल पण सरकली. वरचा जबडा अरुंद, त्यामुळे दाढा एकमेकींवर धड बसत नव्हत्या आणि बसायला जागा मिळावी म्हणून खालचा जबडा दर घासाला बाजूला जात होता. आम्ही रोज तिचा चेहरा बघतो, कुणाच्याच लक्षात आलं नव्हतं.

तेव्हापासून जो कोणी दातांबद्दल विचारतो त्याला मी पहिलं हेच सांगते की नुसते पुढचे दात बघू नका, तोंड मिटल्यावर वरचे आणि खालचे दात एकमेकांवर कसे बसतात ते बघा. ऑर्थोडॉन्टिस्टचं खरं काम तिथे आहे, सरळ दात हा त्यातला एक भाग झाला.

आधी हे ऑर्थोडॉन्टिस्ट म्हणजे कोण ते बघू, कारण इथेच बराच गोंधळ असतो. ते आधी डेंटिस्टच असतात, म्हणजे दातांची पूर्ण डिग्री झालेली असते, आणि त्यानंतर साधारण दोन-तीन वर्षं फक्त याच विषयाचं शिक्षण घेतात: दात हाडातून कसे सरकवायचे, जबडा कसा वाढतो, कुठल्या वयात काय करता येतं आणि काय करता येत नाही. म्हणून प्रत्येक ऑर्थोडॉन्टिस्ट डेंटिस्ट असतो पण प्रत्येक डेंटिस्ट ऑर्थोडॉन्टिस्ट नसतो. कीड साफ करणं, फिलिंग, रूट कॅनल, कॅप ही कामं ते सहसा करत नाहीत, ती तुमच्या नेहमीच्या डेंटिस्टकडेच राहतात आणि तारा चालू असतानाही त्यांच्याकडे जायचं बंद करायचं नसतं. हे मी मुद्दाम लिहितेय कारण खूप जणांना वाटतं दर महिन्याला दातवाल्यांकडे जातोच आहोत की, आणि तेवढ्या दीड-दोन वर्षांत दाढेला आतून कीड लागून जाते.

दात सरकतो म्हणजे नक्की काय होतं, हे समजून घेतलंत तर पुढच्या निम्म्या शंका आपोआप जातात. दात हाडात खिळ्यासारखा ठोकलेला नसतो, मूळ आणि हाड यांच्यामध्ये पाव मिलिमीटरच्या आसपास जाडीचा तंतूंचा पातळ थर असतो आणि दात त्याला टांगलेला असतो. तारेने दाताला हलका, सतत रेटा दिला की ज्या बाजूला दाब पडतो तिथलं हाड शरीरातल्याच पेशी विरघळवतात आणि मागच्या बाजूला जिथे ताण पडतो तिथे दुसऱ्या पेशी नवीन हाड भरतात, अशा रीतीने दात हाडातून वाट काढत पुढे जातो. वेग महिन्याला साधारण एक मिलिमीटर, माणसागणिक थोडा कमीजास्त. आता कुणी म्हणेल जोर वाढवला की लवकर होईल, तर नाही, जोर जास्त झाला की त्या पातळ थरातला रक्तपुरवठाच दाबला जातो, पेशी मरतात आणि दात उलट जागच्या जागी अडकतो. त्यामुळे डॉक्टर जरा जास्त टाईट करा ना, लवकर संपवू, असं म्हणून काही फायदा नाही, आणि दोन अपॉइंटमेंटमध्ये चार ते आठ आठवडे ठेवतात तेही हाडाला काम करायला वेळ लागतो म्हणूनच.

घरच्या घरी काय बघायचं

चांगला उजेड आणि आरसा एवढं पुरतं. मुलांचं बघत असाल तर त्यांना समोर बसवा, स्वतःचं असेल तर मोबाईलने फोटो काढा. मागच्या दाढा दाबून मिटायला सांगा, एकदा थुंकी गिळायला सांगा म्हणजे जबडा आपोआप त्याच्या नेहमीच्या जागी जातो (मुलांना दात दाखव म्हटलं की ती हमखास खालचा जबडा पुढे काढून पुढचे दात टोकाला टोक लावून दाखवतात आणि मग सगळंच चुकीचं दिसतं), आणि मग बोटांनी ओठ बाजूला करा.

डब्यावर झाकण बसतं तसं वरच्या दातांनी खालच्या दातांना सगळीकडून थोडंसं बाहेरून घेतलं पाहिजे, पुढेही आणि दोन्ही बाजूंच्या दाढांनाही. कुठे वरचा दात खालच्या दाताच्या आत गेलेला दिसला, अगदी एक का असेना, तर त्याला क्रॉसबाईट म्हणतात. समोरून बघताना वरच्या पटाशीच्या दातांनी खालच्या दातांचा साधारण वरचा एक तृतीयांश भाग झाकलेला असतो, पण खालचे दात जवळजवळ दिसतच नसतील तर तो डीप बाईट, आणि मागच्या दाढा टेकल्यात तरी पुढे उभी फट राहून जीभ दिसतेय तर तो ओपन बाईट. मग एका बाजूने बघा, वरचे दात खालच्या दातांच्या पुढे दोन-तीन मिलिमीटर असणं ठीक आहे, पण मध्ये बोट सहज जात असेल तर दाखवायला हवं. वरच्या दोन आणि खालच्या दोन मधल्या दातांची रेघ जुळते का तेही बघून घ्या.

यानंतरचं सगळ्यात महत्त्वाचं, जे माझ्या मुलीच्या बाबतीत झालं: तोंड हळू मिटायला लावा आणि पहिला दात टेकल्यापासून पूर्ण चावेपर्यंत हनुवटीकडे बघत रहा, ती सरळ वर येते की बाजूला किंवा पुढे घसरते. शेवटी मूल टीव्ही बघत असताना त्याच्या नकळत बघा, ओठ मिटलेले असतात का कायम उघडे, ओठ मिटताना हनुवटीवर सुरकुत्या पडून गोळा येतो का, झोपेत तोंडाने श्वास घेतं का, घोरतं का. कायम तोंडाने श्वास चालू असेल तर ऑर्थोडॉन्टिस्टच्या बरोबरीने कान-नाक-घशाच्या डॉक्टरांनाही दाखवा, कारण वाढलेले टॉन्सिल किंवा अ‍ॅडेनॉइड (नाकाच्या मागच्या गाठी) असतील तर नुसत्या तारांनी ते मिटत नाही.

यातलं काही दिसलं म्हणून घाबरायचं कारण नाही, फक्त दाखवून घ्यायचं.

कुठले प्रॉब्लेम ते बघतात

सगळ्यात जास्त दिसणारा म्हणजे दाटी, दातांना जागा कमी आणि दात मोठे, मग दातावर दात चढतात, सुळा वर हिरडीत बाहेर आलेला दिसतो. त्याच्या उलट फटी. दाटीत दिसण्यापेक्षा मला जास्त त्रासाचा भाग वाटतो तो साफसफाईचा, दोन दात एकमेकांवर चढलेल्या जागी ब्रश पोचतच नाही आणि हिरड्या तिथेच सुजतात.

डॉक्टर फाईलवर क्लास वन, क्लास टू, क्लास थ्री असं लिहितात, आणि ते वाचून आपल्याला वाटतं हा आजाराचा नंबर आहे. तसं नाही. एडवर्ड अँगल नावाच्या अमेरिकन डॉक्टरांनी १८९९ मध्ये ही पद्धत मांडली आणि ती अजून रोज वापरात आहे. सहाव्या वर्षाच्या आसपास येणारी पहिली पक्की दाढ धरायची आणि वरची दाढ खालच्या दाढेवर कुठे बसते ते बघायचं. बरोबर जागी बसत असेल तर क्लास वन (यात दाटी असू शकते, फक्त दाढांचं नातं ठीक असतं), खालची दाढ असायला हवी त्यापेक्षा मागे असेल तर क्लास टू, ज्यात बहुतेक वेळा वरचे दात पुढे आलेले दिसतात, आणि खालची पुढे असेल तर क्लास थ्री. इथे एक गोष्ट नीट विचारून घ्या, दोष दातांत आहे का जबड्यात. वरचे दात पुढे आलेत असं आपण म्हणतो पण कित्येकदा वरचे दात जागेवरच असतात आणि खालचा जबडा मागे राहिलेला असतो, आणि या दोन्हींची ट्रीटमेंट वेगळी असते. वरचे पुढचे दात खूप पुढे असलेल्या मुलांमध्ये पडल्यावर दात तुटायचं प्रमाण जास्त असतं, त्यामुळे खेळकर मूल असेल तर हा मुद्दा डॉक्टरांशी आवर्जून बोला.

डीप बाईटकडे लोक दुर्लक्ष करतात कारण समोरून छान दिसतं. पण आत खालचे दात वरच्या टाळूच्या हिरडीला टोचत असू शकतात, वर्षानुवर्षं तेच चालू राहिलं की दात झिजतात आणि हिरडी दुखावते. ओपन बाईटच्या मागे पुष्कळदा अंगठा चोखायची सवय असते, किंवा गिळताना जीभ पुढे ढकलायची, आणि काही जणांत जबड्याची वाढच तशी असते. अंगठ्याचं सांगायचं तर अगदी लहानपणी चोखत असेल तर बहुतेक मुलं आपणहून सोडतात आणि तेव्हा सोडलं तर पुष्कळदा दातही आपोआप जागेवर येतात, पण पुढचे पक्के दात यायला लागले तरी सवय सुटत नसेल तर मदत घ्या, आणि कृपा करून मुलाला ओरडू नका, चारचौघात लाज तर अजिबात काढू नका, तशाने सवय लपून चालू राहते.

आता सुळ्याबद्दल थोडं जास्त लिहिते कारण हे बाहेरून दिसत नाही आणि उशीर झाला की महागात पडतं. वरचे सुळे साधारण ११-१२ व्या वर्षी बाहेर येतात, पण त्याच्या आधीच, दहाव्या वर्षाच्या आसपास, दुधाच्या सुळ्याच्या वर हिरडीवरून बोट फिरवलं तर आत फुगवटा लागतो. दोन्हीकडे लागायला हवा. एका बाजूला लागतो आणि दुसऱ्या बाजूला नाही, तर एक्स-रे काढायला हवा, कारण सुळा टाळूकडे आडवा वळलेला असू शकतो आणि तसाच वाढला तर शेजारच्या दाताचं मूळ खाऊ शकतो. वेळेत सापडलं तर काही मुलांमध्ये नुसता दुधाचा सुळा काढूनही पक्का सुळा वाटेवर येतो, उशिरा सापडलं तर हिरडी उघडून त्याला साखळी चिकटवून महिनोन्महिने ओढून खाली आणावा लागतो. दोन मिनिटांची तपासणी आहे, विचारून करून घ्या.

बाकी काही दात जन्मतः नसणं (वरच्या मधल्या दोन दातांच्या शेजारचे किंवा खालच्या छोट्या दाढा, असं बऱ्याचदा), एखादा जास्तीचा दात असणं, दुधाची दाढ किडून लवकर काढावी लागली तर तिची जागा राखून ठेवणं, दुभंगलेला ओठ किंवा टाळू असलेल्या मुलांच्या टीममध्ये काम करणं, आणि मोठ्यांच्या जबड्याच्या ऑपरेशनच्या आधी आणि नंतर दात जुळवून देणं, हेही सगळं त्यांच्याकडे येतं. फक्त जबडा उघडताना कटकट वाजतो म्हणून तारा लावा असं कुणी म्हणत असेल तर मात्र थांबा, तारांनी तो त्रास जाईल अशी खात्री नसते.

कधी जायचं

अमेरिकेतल्या ऑर्थोडॉन्टिस्टच्या संघटनेचा सल्ला आहे की पहिली तपासणी सातव्या वर्षापर्यंत व्हावी. म्हणजे सातव्या वर्षी तारा लावायच्या असं नाही! तोपर्यंत पहिल्या पक्क्या दाढा आणि पुढचे काही पक्के दात आलेले असतात त्यामुळे गाडी कुठल्या दिशेला चाललीय ते कळतं, आणि बहुतेक मुलांना "सहा महिन्यांनी, वर्षाने परत दाखवा" एवढंच सांगून पाठवतात. चांगले डॉक्टर नुसतं लक्ष ठेवूया म्हणतात तेव्हा ते टाळाटाळ करत नसतात.

लवकर हात घालायची कारणं मोजकी असतात: जबडा सरकवणारा क्रॉसबाईट, पुढचा खालचा दात वरच्याच्या बाहेर येऊन हिरडी खाली ढकलत असेल तर ते, दात पडून तुटतील इतके पुढे असणं, न सुटणारी सवय. माझ्या मुलीला टाळूला एक्सपांडर लावला. वरचा जबडा मध्यरेषेवर दोन हाडांचा जोड असतो आणि तो जोड किशोरवयात हळूहळू पक्का होत जातो, त्याच्या आधी हळूहळू स्क्रू फिरवून जबडा रुंद करता येतो. स्क्रू घरीच फिरवायचा, छोट्याशा किल्लीने, एकदा फिरवला की साधारण पाव मिलिमीटर. पहिल्या रात्री ती पलंगावर डोकं मागे टाकून झोपलेली, नवऱ्याने टॉर्च धरलेला, आणि माझा हात थरथरत होता, किल्ली त्या बारीक भोकात घालायची, घशाच्या दिशेला ढकलत पुढचं भोक दिसेपर्यंत न्यायची आणि अलगद खाली काढून घ्यायची, उलटी ओढली तर फिरवलेलं परत येतं. तिला नाकाच्या मुळाशी नुसता दाब जाणवला, दुखलं नाही. आठ-दहा दिवसांत तिच्या समोरच्या दोन दातांत चांगली मोठी फट पडली आणि मी घाबरून फोन केला, तर मॅडम म्हणाल्या, हेच हवं होतं, जोड उघडतोय. पुढच्या काही महिन्यांत ती फट आपणहून मिटली. तुमच्या मुलाला एक्सपांडर सांगितला तर हे आधीच माहीत असू द्या आणि मुलालाही सांगून ठेवा.

मोठ्यांसाठी वयाची मर्यादा नाही, पन्नाशीतही दात सरकतात, हाडाचं काम तेच राहतं. फक्त दोन गोष्टी. हिरड्यांचा आजार असेल तर तो आधी आटोक्यात आला पाहिजे, सुजलेल्या हिरड्यांवर तारा लावल्या तर हाड आणखी कमी होतं. आणि जबड्याची वाढ संपलेली असते, त्यामुळे दोष जबड्यातच असेल तर दातांची मांडणी बदलून तो जमेल तेवढा झाकायचा का ऑपरेशन करायचं, हा निर्णय असतो, आणि तो घाईत घेऊ नका.

पहिल्या भेटीत

जाताना जुने एक्स-रे न्या, चालू औषधांची यादी न्या. हाडं ठिसूळ झाली म्हणून देतात त्यातली काही औषधं दात सरकण्यावर परिणाम करतात, त्यामुळे दातांशी याचा काय संबंध असं मनात आणून काही लपवू नका. कधी पडून दाताला मार लागला असेल तर तेही सांगा.

फोटो, दातांचा साचा किंवा स्कॅन, सगळे दात एकत्र दिसणारा मोठा एक्स-रे आणि बहुतेक वेळा डोक्याचा एका बाजूने काढलेला एक्स-रे एवढं होतं. तो बाजूचा एक्स-रे १९३१ पासून या कामात आहे, त्यावरून जबड्याची आणि दातांची मापं, कोन काढतात. माझ्या मते ट्रीटमेंटचा सगळा दर्जा इथे ठरतो. तोंडात बघून पाच मिनिटांत, एक्स-रे न काढता, आजच ब्रॅकेट (तार अडकवायला दातांवर चिकटवतात ते छोटे तुकडे) लावूया म्हणणाऱ्यांकडून मी तरी उठून येईन.

विचारायचं काय, तर माझा प्रॉब्लेम दातांत आहे का जबड्यात, काहीच केलं नाही तर पुढे काय होईल, दुसरा पर्याय कोणता आणि त्यात काय मिळणार नाही, किती वेळ लागेल (पूर्ण ट्रीटमेंटला साधारण दीड ते दोन वर्षं हे नेहमीचं, अवघड केसला जास्त), आणि संपल्यावर रिटेनर (सरळ झालेले दात जागेवर धरून ठेवायला देतात ते) कुठला आणि किती दिवस. खर्चात रिटेनर आणि तुटलेले ब्रॅकेट धरलेत का हेही आत्ताच विचारा, नंतर वाद नको.

दात काढायला सांगितले की सगळ्यांच्या पोटात गोळा येतो, माझ्याही आला असता. छोट्या दाढा काढतात त्या जागा करण्यासाठी, कारण दाटी खूप असेल आणि न काढता सगळे दात रांगेत बसवले तर पुढचे दात हाडाच्या बाहेर ढकलले जाऊ शकतात. पण दर वेळी काढावेच लागतात असंही नाही. कमी जागा हवी असेल तर दातांच्या कडा अगदी थोड्या घासून, मिलिमीटरच्या काही दशांशांत, जागा काढता येते, लहान वयात जबडा रुंद करता येतो, किंवा हाडात तात्पुरते बारीक स्क्रू बसवून दाढा मागे नेता येतात. त्यामुळे का काढायचे आणि न काढता केलं तर काय, ही दोन्ही उत्तरं ऐका, समाधान झालं नाही तर दुसऱ्या डॉक्टरांचं मत घ्या. दात परत लावता येत नाही.

कुठल्या तारा

मेटल ब्रॅकेट अजूनही सगळ्यात भरवशाचे, अवघड केसला तेच. सिरॅमिकचे दातांच्या रंगाचे असतात पण काढताना जरा जपावं लागतं, आतल्या बाजूने लावायचे दिसत नाहीत पण जिभेला बरेच दिवस टोचतात. प्रत्येक दाताच्या ब्रॅकेटमध्ये त्या त्या दाताला हवा तो कलच घडवलेला असतो, ही लॉरेन्स अँड्र्यूज यांची १९७० च्या आसपासची कल्पना, म्हणून तर ब्रॅकेट नेमका कुठे चिकटवला याला इतकं महत्त्व. सुरुवातीची बारीक तार निकेल-टायटॅनियमची असते, ती वाकडी करून बसवली तरी आपला मूळ आकार विसरत नाही, हळूहळू सरळ होत जाते आणि जाताना दातांना बरोबर घेऊन जाते. हा धातू १९६० च्या सुमारास अमेरिकन नौदलाच्या प्रयोगशाळेत तयार झाला आणि १९७० च्या दशकात दातांच्या कामात आला.

अलायनर म्हणजे पारदर्शक प्लास्टिकचे साचे. दिवसाला २० ते २२ तास घालायचे, एक-दोन आठवड्यांनी पुढचा. सौम्य आणि मध्यम केसला छान काम करतात, ब्रश करायला काढता येतात, पण सगळी जबाबदारी घालणाऱ्याची. पहिल्यांदा किती तास घालणार याचं स्वतःशी खरं उत्तर द्या मगच घ्या. घरबसल्या साचा पाठवा आणि अलायनर मागवा अशा स्कीमपासून लांब रहा, एक्स-रे नाही, हिरड्या कुणी तपासलेल्या नाहीत, त्याला ट्रीटमेंट म्हणता येत नाही. आणि इंटरनेटवर बघून समोरच्या दोन दातांना रबर बँड लावून फट मिटवतात, ते तर कधीच करू नका. दात मुळाकडे निमुळता होत जातो, रबर सरकत सरकत हिरडीच्या आत जातं, दिसेनासं होतं आणि हाड खात जातं, यात चांगले धडधाकट दात गेलेले आहेत.

वाढत्या वयात खालचा जबडा मागे असेल तर काढता-घालता येणारी ट्विन ब्लॉकसारखी उपकरणं देतात, स्कॉटलंडच्या विल्यम क्लार्क यांनी १९७७ मध्ये ती आणली. वाढीच्या झपाट्यात असताना दिली तर उपयोग, म्हणून इथे वेळ चुकवायची नाही.

रोजचं

पहिले तीन-चार दिवस दात ठणकतात, मऊ खा, लागली तर डॉक्टरांनी सांगितलेली गोळी घ्या, आठवड्यात सवय होते. गाल सोलवटला तर ब्रॅकेट कोरडा करून त्यावर मेणाची गोळी दाबा. मागे तार टोचायला लागली तर पेन्सिलच्या मागच्या रबराने अलगद आत दुमडा, नाही जमलं तर मेण लावून दवाखान्यात फोन करा. ब्रॅकेट सुटला तर ओढून काढू नका, आणि पुढच्या अपॉइंटमेंटला दाखवू असं म्हणत थांबू नका, सुटलेला दात तेवढे आठवडे जागच्या जागी राहतो आणि कधी उलटाही जातो.

ब्रश हा खरा विषय आहे. ब्रॅकेटभोवती चिकटा राहिला तर महिन्याभरातही दातावर पांढरे खडूसारखे डाग पडायला सुरुवात होते, आणि तारा काढल्यावर दात सरळ पण प्रत्येकावर ब्रॅकेटच्या आकाराची चौकट असं दिसतं. ते डाग पूर्ण जातीलच असं नाही. म्हणून फ्लोराईड टूथपेस्ट, आधी ब्रश वरून खाली तिरका धरून ब्रॅकेटच्या वरच्या कडेला, मग खालून वर खालच्या कडेला, मग तारेखालून बारीक बाटलीच्या ब्रशसारखा छोटा ब्रश. रात्रीचं चुकवायचं नाही. कडक आणि चिकट खाणं, गोड पेयं कमी. बर्फ चावायचा नाही. मैदानी खेळ असतील तर तारांवर बसणारा माऊथगार्ड मागून घ्या.

डॉक्टरांनी लावायला रबर दिले असतील तर ते सांगितलेत तितके तास लावायचेच. वरच्या-खालच्या दातांची गाठ तेच घालून देतात, तार नाही. नाही लावले तर दात सरळ होतात पण चावणं जुळत नाही आणि ट्रीटमेंट लांबते ती इथेच.

धोकाही माहीत असू द्या, मुळांची टोकं बहुतेकांत अगदी थोडी आखूड होतात, त्याने फरक पडत नाही, पण काही मोजक्या लोकांत जास्त होतात, म्हणून मध्ये एखादा एक्स-रे काढायला सांगितला तर नाही म्हणू नका.

तारा निघाल्यावर

मी स्वतः सोळाव्या वर्षी तारा काढल्या. रिटेनर दिला होता, वर्षभर घाला म्हणून सांगितलं, मी घातला, आणि मग सोडला. तिशीत आले तेव्हा खालचे पुढचे दात पुन्हा एकमेकांवर चढलेले. पुढे काय, हे तेव्हा मला कुणी नीट सांगितलं नाही याचं आजही वाईट वाटतं, दोन वर्षं सोसलेलं हळूहळू निसटलं. म्हणून तुम्हाला स्पष्ट सांगते, दात सरकवल्यावर आजूबाजूचं हाड काही महिन्यांत बसतं पण हिरडीतले ताणलेले तंतू बसायला वर्षभर लागू शकतं, आणि त्याच्या पलीकडे वयाप्रमाणे दात आयुष्यभर थोडे थोडे हलतच असतात, तारा लावलेल्यांचेही आणि न लावलेल्यांचेही. अक्कलदाढेने ढकललं म्हणून दात वाकडे झाले असं लोक म्हणतात पण त्याला आधार सापडलेला नाही. सुरुवातीला सांगतील तितके तास, आणि नंतर रात्री, जोपर्यंत दात सरळ हवेत तोपर्यंत.

मागच्या बाजूने चिकटवलेली तार असेल तर तिच्याखालून फ्लॉस घालायला शिकून घ्या, आणि महिन्यातून एकदा प्रत्येक दातामागे नखाने चाचपून बघा, कारण एका दातावरचं चिकटवलेलं सुटलं तर बाकी तार तशीच असते, कळत नाही आणि तो दात हळूच सरकतो. काढता येणारा रिटेनर थंड पाण्याने आणि मऊ ब्रशने धुवा, गरम पाण्याने त्याचा आकार बिघडतो. जेवताना काढला की थेट डबीत, टिश्यूत गुंडाळून टेबलावर ठेवलेले रिटेनर कचऱ्यात जातात. घरात कुत्रं असेल तर डबी उंचावर.

आणि रिटेनर घालताना कधी घट्ट लागला तर समजा दात हलायला लागलेत, तो काढून ठेवू नका, नीट बसत असेल तर घालत रहा आणि त्याच आठवड्यात दाखवा. मुळीच बसत नसेल तर जोर लावून दाबू नका, घेऊन जा, नवीन साचा काढावा लागेल.